नाताळच्या सुट्यांत आईवडिलांना घेऊन प्रवास: वेचणीच्या दिवसांत हे कसे जमवावे?

आर्वीकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे. घरी कोरडवाहू कपाशी-तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू-हरभरा अशी शेती आहे आणि ती मी पाहतो. वडील ७७ वर्षांचे आणि आई ६९ वर्षांची आहे. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला असून त्याच्या मुलांच्या शाळेला नाताळची आठवडाभर सुटी असल्यामुळे तो दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी सहकुटुंब गावी येतो, आणि नागपूरची बहीणही तेव्हाच येते. दिवाळीला सगळ्यांचे एकत्र येणे हल्ली होत नाही, कारण बहिणीला सासरी राहावे लागते आणि भावाला रेल्वेचे आरक्षण मिळत नाही. आमच्या घरापुरते बोलायचे तर खरी दिवाळी नाताळातच होते.

यंदा भावाचे म्हणणे असे आहे की आईवडिलांनी आम्हा तिघांसाठी जे केले त्याबद्दलची कृतज्ञता या सुटीत व्यक्त करावी. आर्वीला सभागृह घ्यावे, नातेवाइकांना बोलवावे, शाल-श्रीफळ द्यावे, जुन्या फोटोंची चित्रफीत दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी मोठी गाडी करून सर्वांनी चिखलदऱ्याला किंवा ताडोबाला जावे. त्याचा हेतू चांगला आहे आणि खर्चही तो उचलणार आहे. माझी अडचण अशी की हा काळ आमच्या सुटीचा नसतो. कापसाची वेचणी चालू असते आणि बाया मिळतील त्या दिवशी वेचून घ्यावे लागते. तूर सोंगणीला म्हणजे कापणीला आलेली असते. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे तर शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि रानडुकरांमुळे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायलाही, कोणीतरी लागतेच. भाव वाढेल या आशेने कापूस बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेला असल्यामुळे पाहुण्यांना झोपायला जागा उरत नाही. मुले त्या ढिगावर उड्या मारतात आणि रात्रभर अंग खाजवत बसतात. शिवाय माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि त्याला सुटी फक्त २५ डिसेंबरची.

अशा दिवसांत वृद्ध आईवडिलांना घेऊन कोठे जावे, आणि कृतज्ञता म्हणून जे काही करायचे ते कोणत्या रीतीने करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सुचवावे, ही विनंती.

निवृत्त वाहक, अमरावती

प्रवासापुरते मी सांगू शकतो. ताडोब्याचा विचार सोडून द्यावा असे माझे मत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील सफारीचे आरक्षण फार आधी भरते, मंगळवारी प्रकल्प बंद असतो, आणि पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत हादरे खात बसणे ७७ वर्षांच्या माणसाला सोसणारे नाही. चिखलदरा सुंदर आहे; परंतु समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांच्या आसपास उंचीवर ते वसलेले असल्यामुळे तेथील थंडी आपल्या गावच्या थंडीहून वेगळी असते, आणि वर्षअखेरीस घाटातच गाड्या अडकून पडतात. तरुण मंडळींनी ते फेब्रुवारीत पाहावे.

गाडी भाड्याने घेण्यापूर्वी एसटीचा हिशेब अवश्य करा. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, म्हणजे आपल्या वडिलांना तिकीट लागणार नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, आणि मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना निम्मे असल्यामुळे आई, बहीण आणि दोन्ही सुना सवलतीत येतात. मात्र आईंना ज्येष्ठ नागरिक म्हणून निम्मे आणि महिला म्हणून पुन्हा निम्मे, अशी सवलतीवर सवलत मिळत नाही. यावरून प्रवाशांनी माझ्याशी नोकरीत पुष्कळ वाद घातलेले आहेत, म्हणून आधीच सांगतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. वयाचा पुरावा म्हणून मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे. मंडळी जास्त असतील आणि मधल्या गावी मनासारखे थांबायचे असेल, तर आगारातून प्रासंगिक करारावर पूर्ण बस घेता येते. परंतु आपल्या घरच्या संख्येला ती परवडणार नाही.

सकाळी लवकर निघण्याचा आग्रह धरू नका. वर्धेच्या काठाने त्या दिवसांत धुके असते. ऊन वर आल्यावर, चहा-औषधे आटोपून निघालात तरी दिवस पुरतो.

पुसदची सून

प्रश्न वाचताना एक गोष्ट खटकली, ती स्पष्टपणे लिहिते. पुण्याच्या भावाला सुटी आहे, शेतात आपल्याला सुटी नाही, हे आपण लिहिले. घरात इतकी माणसे येणार असताना आपल्या पत्नीला आणि आईंना सुटी आहे की नाही, हे कोठेच आले नाही.

आमच्या सासरी असाच एक सोहळा झाला होता. सासूबाईंना मखमली खुर्चीवर बसवले, हार घातला, दिरांनी आईच्या कष्टांवर भाषण केले आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. पंगत उशिरा बसली तेव्हा पोळ्या कमी पडल्या, आणि त्याच सासूबाई हार खुंटीला अडकवून, नव्या लुगड्याचा पदर खोचून पुन्हा परातीशी बसल्या. भाषण करणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. चित्रफितीत तो भाग अर्थातच नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ते एकत्र येण्याचे दिवस सकाळचा चहा, भांडी आणि एक वेळचा स्वयंपाक पुरुषांनी करावा, आणि तोही हौस म्हणून एक दिवस नव्हे. आपल्याकडे रोडग्यांच्या, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, कार्यक्रमाला पुरुषच गोवऱ्यांची आर (निखारे) लावतात, रोडगे भाजतात, मोठ्या गंजात वांग्याची भाजी करतात. तेव्हा येत नाही ही सबब चालण्यासारखी नाही. आणि कोठे जायचे हे भावाने किंवा आपण ठरवण्याआधी आईंना विचारावे. वडिलांच्या समोर विचारू नका, कारण मग त्या "यांना जिथे जायचे तिथे" एवढेच म्हणतील.

आर्वीकर (प्रश्नकर्ता)

पुसदच्या ताईंचे म्हणणे मान्य आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे काल आईला शेतात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) कडेला एकटी असताना विचारले आणि वडिलांना रात्री वेगळे विचारले. दोघांच्याही उत्तरात ना चिखलदरा होता, ना ताडोबा.

आईला दर्यापूर तालुक्यातील तिच्या माहेरी जायचे आहे. माझे मामा आता नाहीत. मामी आहेत, त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना प्रवास होत नाही. हे सांगताना आईने असेही सांगितले की भावाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला त्या वर्षी आमचे पीक गेले होते, आणि पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी मामींनी आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. ते पैसे पुढे फेडले गेले. मात्र भावाला हे कधी सांगितले नव्हते आणि मलाही काल कळले. वडील आधी "सोंगणी कोण पाहील?" एवढेच म्हणाले. नंतर झोपायच्या वेळी आपणहून म्हणाले की अमरावतीला जाणार असाल तर ते शिवाजी शिक्षण संस्थेच्या ज्या महाविद्यालयात शिकत होते ते एकदा पाहायचे आहे, आणि शक्य असेल तर २७ डिसेंबरला.

आता प्रश्न थोडा बदलला आहे. मामींकडे जाऊन आम्ही नेमके काय करावे? पाकीट द्यावे असे भावाला वाटते. मला ते बरे वाटत नाही, पण दुसरे काय ते सुचत नाही.

परतवाड्याची परिचारिका

आमचे कुटुंब ख्रिस्ती आहे, त्यामुळे नाताळात लोकांच्या घरी जाणे हा आमच्याकडे सणाचाच भाग असतो. करंज्या, शेव, चिवडा असा फराळ आमच्या घरी तेव्हा होतो आणि शेजाऱ्यांना दिवाळीत त्यांनी दिलेल्या ताटाची परतफेड होते. वडील हयात असताना सणानंतरचे दिवस ते गावोगावी जाऊन जुन्या माणसांना भेटण्यासाठी राखून ठेवत. नोकरी लावून देणारे, आजारपणात खाटेशी बसलेले, अशी ती माणसे असत. त्या भेटींतून मी जे शिकले ते लिहिते.

पाकीट देऊ नका. पाटल्यांचे पैसे फेडले गेले आहेत. त्याच गोष्टीसाठी पुन्हा पैसे पुढे केले तर जे मायेने केले त्याची किंमत लावल्यासारखे होते, आणि त्या वयाच्या बाईला ते फार लागते. आपल्या शेतातले न्या. डिसेंबरअखेर तुरीच्या हिरव्या शेंगा असतात, ओला हरभरा असतो, वांगी असतात, आर्वीच्या बाजूला संत्रीही मिळतात. शेंगा सोलत बसले की तासन्तास बोलणे होते. सभागृहातील खुर्च्यांवर तसे बोलणे होत नाही. पाटल्यांचा विषय भावानेच काढावा, आणि तो सर्वांसमोर भाषणासारखा न काढता मामींजवळ बसून काढावा. त्यांच्या मुलाला आणि सुनेला हे ठाऊक आहे का, हे आईंना आधी विचारा. ठाऊक नसेल तर त्यांच्यासमोर हा विषय उघड केल्याने त्या घरात नसता प्रश्न उभा राहू शकतो.

दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारट असते, आणि नळयोजना असल्या तरी नळ रोज येईलच असे नसते. तुमची इतकी माणसे एकदम गेली तर त्या घरची साठवलेली पाण्याची भांडी दुपारपर्यंत रिकामी होतील. प्यायचे पाणी बरोबर न्या. आपल्या वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. जेवणाचाही भार मामींच्या सुनेवर पडू नये म्हणून घरून डबे न्यावेत, असे मी सुचवीन.

जि. प. शिक्षक, भंडारा जिल्हा

आपल्या वडिलांनी २७ डिसेंबरच का म्हटले, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगा. ती डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुढे विलायतेत शिकून बॅरिस्टर झाला. परत आल्यावर त्यांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, खेड्यांतून येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता यावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. वडील ७७ वर्षांचे आहेत म्हणजे ते महाविद्यालयात गेले तेव्हा पंजाबरावांच्या निधनाला, जे १९६५ मध्ये झाले, फार दिवस झाले नसणार. त्या पिढीतील कास्तकारांच्या पुष्कळ मुलांनी शिक्षणासाठी प्रथमच गाव सोडले ते या संस्थेच्या आधाराने. वडिलांना तेथे हार-तुरे नको असतील. आपण कोणत्या वर्गात बसत होतो, कोठे जेवत होतो हे नातवंडांना बोटाने दाखवायचे असेल. त्यांना दाखवू द्या आणि घाई करू नका.

मुलाच्या शाळेविषयी माझे मत थोडे कठोर आहे. पुण्याच्या चुलतभावंडांना सुटी आहे म्हणून आपल्या मुलाची आठवडाभर गैरहजेरी लावू नये. २५ ची सुटी आणि रविवार धरून बाकी जो एखाद-दुसरा दिवस लागेल त्याची वर्गशिक्षकांकडे लेखी रजा मागावी. मी माझ्या वर्गातील मुलांना अशी रजा देताना एकच सांगतो, की जिथे जाल तिथल्या एका वृद्ध माणसाला त्याच्या लहानपणाबद्दल विचारून ते वहीत लिहून आणा. आलेल्या वह्यांपैकी काही मी आजही जपून ठेवल्या आहेत.

राळेगावचा कास्तकार

सर्वांनी चांगले सुचवले; पण घरची सगळी मंडळी दर्यापूरला गेल्यावर गव्हाला रात्री पाणी कोण देणार, हे अद्याप कोणी बोललेले नाही. उत्तर सर्वांना माहीत आहे, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी, देणार. ज्याच्या जिवावर आपण चार दिवस घराबाहेर पडू शकतो त्याचे नाव कृतज्ञतेच्या यादीत कोठेच नसावे, हे मला पटत नाही. आमच्याकडे सालदाराचे साल पाडव्याला बदलते, तेव्हा हिशेबाच्या वेळी कपडे-धान्य देण्याची रीत आहे. पण तो व्यवहार झाला.

माझ्या मते प्रवासाहून परत आल्यावर शेतातल्या मारुतीपाशी रोडग्यांचा कार्यक्रम ठेवावा. सालदार, त्याची बायको-मुले, वर्षभर वेचणीला-निंदणाला येणाऱ्या बाया यांना जेवायला बोलवावे आणि पहिली पंगत त्यांची बसवावी, घरच्यांनी वाढावे. रोडगे आपण तयारीने करा. जाड दळलेल्या कणकेच्या पाऱ्या लाटून, तेल लावून एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा बंद करावा लागतो, आणि आर नीट पडेपर्यंत धीर धरावा लागतो. धुरात टाकले तर वरून जळतात आणि आत कच्चे राहतात. भाजल्यावर राख झडण्यासाठी स्वच्छ कापडात घालून घोळावेत. पुण्याच्या पाहुण्यांना हे काम द्या, दोन तास फोन हातात घेणार नाहीत.

आणि सालदाराला सुटी द्यायची असेल तर ती खरी द्या. आपण परत आल्यावर त्यालाही त्याच्या बायकोच्या गावी जाऊ द्यावे, आणि तेवढे दिवस जागलीला आपण बसावे.

निवृत्त वाहक, अमरावती

आता ठिकाणे ठरली आहेत म्हणून मार्ग सुचवतो. आर्वीहून वर्धा नदी ओलांडून तिवसा गाठताना कौंडण्यपूर वाटेपासून फार दूर राहत नाही. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपल्याकडे त्या गावाला मान आहे, आणि आई माहेरी निघाल्या असताना त्यांना तेथे थांबणे आवडेल असे वाटते. नदीकाठच्या पायऱ्या मात्र वडिलांना जपून उतरवा. पुढे नागपूर-अमरावती महामार्गावर मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला थांबता आले तर पाहा, कारण तेथे कोणत्याही धर्माचा माणूस संकोच न वाटता बसू शकतो.

अमरावतीला गाडगेबाबांची समाधी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला, त्यामुळे पुण्यतिथीची गर्दी आपण जाल तोवर ओसरलेली असेल. मुक्काम अमरावतीतच करावा. मामींच्या घरी रात्री राहून त्यांच्यावर अंथरुणांचा भार टाकू नये. दर्यापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. पौष लागलेला असेल आणि रविवार आलाच, तर पूर्णेकाठच्या ऋणमोचनाला यात्रा असते, त्यामुळे त्या बाजूच्या गाड्या भरून जातात. वृद्धांना घेऊन त्या दिवशी एसटीने जाणे टाळावे.

खर्चाची आणि वडिलांच्या चालण्याची शंका आधीच दूर करतो. अमरावतीपर्यंत एसटी आणि तेथून खेड्यात जाण्यासाठी एका दिवसापुरती भाड्याची गाडी, असे केले तर पैसेही वाचतील आणि मामींच्या दारापर्यंत वडिलांना चालावेही लागणार नाही.

आर्वीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी सविस्तर बोलणे झाले. पाटल्यांची गोष्ट ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि नंतर सभागृहाचा विषय त्यानेच मागे घेतला. चित्रफीत मात्र तो करणार आहे. ती मामींच्या घरी फोनवरच दाखवू, कारण त्यातले निम्मे फोटो त्यांच्याच घरातले आहेत. परतवाड्याच्या ताईंनी सावध केले ते बरे झाले. मामेभावाला सारे ठाऊक आहे असे आईकडून कळले, त्यामुळे ती काळजी राहिली नाही.

अमरावतीचा मुक्काम २६ चा धरला आहे, म्हणजे २७ ला सकाळी वडिलांचे महाविद्यालय पाहून दुपारी दर्यापूरकडे निघता येईल. मुलाच्या रजेचा अर्ज मी लिहिला. मास्तरांनी तो वहीच्या अटीवर मान्य केला, म्हणजे ही पद्धत भंडाऱ्यापुरतीच नाही असे दिसते. परत आल्यावर रोडगे शेतातच होतील. सालदाराला विचारले तेव्हा त्याने बायकोच्या गावी जाण्याऐवजी शेगावला जायची इच्छा सांगितली, आणि गर्दी टाळण्यासाठी १ जानेवारी होऊन गेल्यावर जा, असे मी त्याला सुचवले. त्या दिवसांत भाऊ पुण्याला परतलेला असेल, म्हणून त्याने आधीच्याच रात्री जागलीला बसायचे कबूल केले आहे. त्याची बायको हसली, पण तो बसेल असे मला वाटते. चहा आणि भांड्यांच्या पाळ्या बहिणीने ठरवून दिल्या असून त्यात माझे नाव पहिले आहे.

फक्त डब्यांचे जमणार नाही. मामींना फोन करून येत असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न जेवायला किती जण हाच विचारला आणि डबे घेऊन येतो म्हटल्यावर त्या इतक्या रागावल्या की आईला फोन हातात घेऊन समजूत काढावी लागली. शेवटी तोडगा असा निघाला की पाणी, वांगी आणि शेंगा आमच्या, चूल त्यांची, आणि भाजी करणार भाऊ. मामींनी एवढेच बजावले आहे की तिखट त्या स्वतः घालतील, पुण्याच्या माणसाच्या हातात तिखटाचा डबा देणार नाहीत.